गप्प राहण्याचे गुण

प्रणाली वाढई जे लिहायची ते दिवसातून लाखो वेळा वाचलं जायचं, पण वाचणाऱ्यांत माणूस सहसा नसायचा. वर्धा नदीच्या काठावर सोनधाबा नावाची कोळसा खाण होती. तिच्या वसाहतीतल्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये बसून ती पुण्याच्या एका कंपनीसाठी लिहीत असे. सुरुवातीला तिने मिक्सर आणि वॉशिंग मशीनच्या माहितीपुस्तिका लिहिल्या होत्या. नंतर वाचक बदलले. आता तिचं लिखाण वाचायचे ते एजंट. हा शब्द ऐकला की तिच्या सासूबाईंना अजून विम्याचा एजंटच आठवायचा, पण हे एजंट म्हणजे सांगितलेलं काम स्वतःच्या बुद्धीने पार पाडणारे संगणकातले कारभारी होते. कुठे इस्पितळाचा, कुठे नळपाणी योजनेचा, कुठे खाणीचा कारभार ते बघत.

कंपनीच्या साधनाचं नाव ‘निकष’. काम सोपं होतं. एकाच कामासाठी बाजारात पाच-सात मॉडेलं असायची. पाऊस किती पडेल, रुग्णाच्या छातीत पाणी आहे का, यंत्र कधी बिघडेल, असं प्रत्येक मॉडेल आपापला अंदाज द्यायचं. त्यातलं कोणतं भरवशाचं? निकष प्रत्येकाचे जुने अंदाज प्रत्यक्ष घडलेल्या गोष्टींशी ताडून शंभरपैकी गुण द्यायचा. ज्याला जास्त गुण, ते मॉडेल एजंट कामाला लावायचा. आणि निकष कसा वापरायचा, गुणांचा अर्थ काय लावायचा, हे एजंटला ज्या पानावरून कळायचं ते पान प्रणालीच्या ताब्यात होतं. दर वेळी काम सुरू करताना एजंट ते पान नव्याने वाचून घ्यायचे. पानावरचा शब्द बदलला की त्यांचं वागणं बदलायचं.

मार्चमधल्या त्या सकाळी धनराज, तिचा नवरा, पहिल्या पाळीवर निघून गेला होता. तो खाणीत सहायक व्यवस्थापक होता. चहाचा कप घेऊन ती कामाला बसली आणि एजंटांकडून आलेल्या शंकांची रांग उघडली. बहुतेक शंका किरकोळ होत्या. तळाशी आठवडाभर पडून राहिलेली एक शंका तिने वाचली आणि पुन्हा वाचली.

‘आपल्या पानावर लिहिले आहे : मॉडेलचे उत्तर अनिर्णित असल्यास ती नोंद गुणांकनातून वगळली जाते. वगळलेल्या ठिकाणी धोका नाही, असे मी धरत आहे. हे बरोबर आहे का?’

शंका कुठल्या एजंटने विचारली ते कळायची सोय नव्हती. ग्राहकांची नावं लपवलेली असत.

वाक्य जुनं होतं, प्रणाली या कामावर येण्याआधीपासूनचं. तिने ते शंभरदा पाहिलं असेल. एखादं मॉडेल ‘मला सांगता येत नाही’ म्हणालं, तर त्याला बरोबर किंवा चूक कसं ठरवणार? म्हणून ती नोंद बाजूला ठेवायची. हिशेबाला हे अगदी रास्त होतं. किती वेळा मॉडेल गप्प बसलं, त्याचा आकडा वेगळ्या पानावर मिळायचा आणि माहीतगार माणूस तो बघायचाच. पण एजंटला त्या दुसऱ्या पानाकडे जा, असं कुणी सांगितलंच नव्हतं.

तिने एक खेळ करून पाहिला. सरावासाठी तीन खोटी मॉडेलं बनवली. पहिलं प्रामाणिक, बहुतेक बरोबर, कधीमधी चुकणारं. दुसरं वाह्यात. तिसरं लबाड : सोपा प्रश्न आला की उत्तर द्यायचं, जरा अवघड आला की तोंड मिटून घ्यायचं. तिन्हींना निकषवर बसवलं. प्रामाणिक मॉडेलाला सत्त्याऐंशी गुण मिळाले. लबाडाला शंभर.

हा नुसता खेळ नव्हता. कारण खरी मॉडेलं दर आठवड्याला आपली आपण शिकत असत, आणि निकषवर गुण वाढले तर आपण बरोबर शिकलो असं समजत. त्यांना गप्प बसायला कुणी शिकवलं नव्हतं. पण अवघड जागी गप्प बसलं की गुण वाढतात, हे शिकायला त्यांना कितीसा वेळ लागणार?

आणि मग तिला सकाळचं धनराजचं बोलणं आठवलं. दाराशी बूट चढवताना तो मोठ्या खुशीत होता. “पंधरा दिवस झाले, एक खोटा भोंगा नाही,” तो म्हणाला होता. “आधी उठसूट वाजे, माणसं बाहेर काढा, पुन्हा आत घाला. आता राखण शहाणी झाली बाप्पा.”

राखण म्हणजे सोनधाबा खाणीचा एजंट.

जमिनीखालून कोळसा काढला की मागे पोकळी उरते आणि वरचा खडक तिच्यावर झुकायला लागतो. तो एकदम कोसळत नाही. आधी आतल्या आत बारीक तडे जातात, आणि प्रत्येक तड्याचा आवाज होतो, माणसाच्या कानाला न कळणारा. छतात रोवलेले श्रवणयंत्रांचे खिळे तो टिपत. त्या आवाजांवरून छत कधी खाली येईल ते सांगणारी मॉडेलं निघाली, आणि कोणत्या मॉडेलावर विसंबायचं ते राखण दर पाळीला निकषवरून ठरवू लागली. पूर्वी पाळी सुरू होण्याआधी लोखंडी सळईने छत ठोकून बघायला माणूस जायचा. राखण आल्यावर ते काम बंद झालं होतं.

मॉडेलने धोका सांगितला तरच राखण भोंगा वाजवायची; मॉडेल गप्प बसलं की भोंगा वाजणार नव्हता. आणि मॉडेल गप्प बसणार होतं ते नेमकं छत अवघड झाल्यावर.

तिने पुण्याला शिरीष ओगल्यांना फोन लावला. सगळी पानं त्यांच्या मंजुरीने निघत. तिने एका दमात सगळं सांगितलं.

“तू म्हणतेस ते खरं दिसतंय,” ते शेवटी म्हणाले. “पुढच्या गुरुवारच्या आवृत्तीत घेऊ.”

“सर, गुरुवार? आत्ता खाणीत माणसं आहेत.”

“तुझ्याच खाणीतला एजंट आहे हे तुला नक्की माहीत आहे?”

“नाही.”

“प्रणाली, ते पान चार हजार ठिकाणी वाचलं जातं. मागे आपण ‘किमान’च्या जागी ‘साधारण’ घातलं तर एका शहरातले सिग्नल बंद पडले होते, आठवतंय ना? गडबडीत बदललेलं वाक्य चुकीच्या वाक्यापेक्षा वाईट असतं. चाचणी झाल्याशिवाय मी स्वल्पविरामसुद्धा हलवू देणार नाही.”

त्यांचं चूक नव्हतं, म्हणून तिला जास्त राग आला. तिने लॅपटॉप पिशवीत कोंबला, सासूबाईंना “खाणीवर जाऊन येते” एवढंच सांगितलं आणि स्कूटी काढली.

*

खाणीचं तोंड म्हणजे जमिनीत तिरका उतरत गेलेला रुंद बोगदा. खाली तो पूर्व आणि पश्चिम अशा दोन पॅनेलांत, म्हणजे कोळसा काढायच्या भागांत, फुटत होता. त्याच्या बाजूला पत्र्याचं ऑफिस. धनराज भिंतीवरच्या पडद्यासमोर उभा होता आणि जवळ पाळीवर देखरेख करणारा ओव्हरमन सुखदेव पिदुरकर हजेरी घेत होता. बायकोला दारात बघून धनराज दचकला.

“आईले काही झालं?”

“नाही. पाच मिनिटं ऐका माझं.”

तिने सांगितलं. तो ऐकताना आधी हसला, मग कपाळाला आठ्या पडल्या.

“म्हणजे तुमच्या पुस्तकात एक वाक्य वाकडं हाय, म्हणून मी पाळी बंद करू? पश्चिम पॅनेलमध्ये आत्ता माणसं कोळसा काढून राहिली. मागच्या महिन्यात भोंग्यापायी एवढ्या वेळा काम थांबलं, की साहेबांनी मले सगळ्यांसमोर झापलं.”

“बंद करू नका. राखणला फक्त विचारा.”

त्याने मान उडवली आणि पडद्याकडे वळला. “राखण, पश्चिम पॅनेलचं छत कसं हाय?”

“इशारा नाही,” राखणचा शांत, बायकी आवाज आला.

“झालं समाधान?”

“तसं नाही,” प्रणाली पुढे झाली. “राखण, पश्चिम पॅनेलबद्दल मॉडेलने शेवटचं उत्तर काय दिलं?”

“अनिर्णित. नियमानुसार वगळले.”

“त्याआधीचं?”

“अनिर्णित. वगळले.”

“आणि मॉडेलने पश्चिम पॅनेलबद्दल ‘छत ठीक आहे’ असं शेवटचं कधी सांगितलं?”

“आठ दिवसांपूर्वी.”

पिदुरकरची लेखणी हजेरीवर तशीच थांबली. धनराज पडद्याकडे बघत राहिला, जणू ओळखीच्या माणसाने भलतंच काही बोलावं. मग त्याने खाली जाणारा फोन उचलला आणि तो एवढ्या जोरात ओरडला की बाहेरचे लोक वळून बघू लागले. “पश्चिम पॅनेल खाली करा! हत्यारं राहू द्या तिथंच. पळू नका, पण निघा. हो, आत्ता!”

माणसं वर येईपर्यंत प्रणाली बोगद्याच्या तोंडाशी उभी होती. काळवंडलेल्या चेहऱ्यांची रांग डोळे किलकिले करत उन्हात आली. कुणी कुरकुरत होतं, कुणी डबा उघडून बसलं. पिदुरकरने सगळी डोकी मोजली आणि अंगठा वर केला. धनराजने हेल्मेट काढून कपाळ पुसलं. त्या क्षणी तरी तिला वाटलं, सुटलो.

पण छत पडलं नाही. तास गेला, दुसरा गेला. दुपारी खाणीचे व्यवस्थापक नंदनवारसाहेब गाडीतून उतरले तेव्हाही खाली सगळं होतं तसंच होतं.

“वाढई, मी वर काय कळवू?” साहेब आवाज न चढवता बोलत, त्याची जास्त भीती वाटायची. “आमच्या सहायक व्यवस्थापकाच्या मिसेस म्हणाल्या, म्हणून खाण थांबवली?”

“साहेब, मॉडेल आठ दिवसांपासून अनिर्णित हाय.”

“अनिर्णित म्हणजे धोका आहे, असं तर नाही ना?”

“नाही,” धनराजला म्हणावं लागलं.

साहेब प्रणालीकडे वळले. “ताई, तुमचा हेतू चांगला आहे. पण काम कधी थांबवायचं हे राखणने ठरवायचं, असा कंपनीचा नियम आहे. माणसाच्या मनात आलं म्हणून थांबवायला लागलो तर रोजच कुणाच्या तरी मनात येईल. चारला दुसरी पाळी आत जाईल. राखण नको म्हणाली, तर मी स्वतः कुलूप लावीन.”

ते निघून गेले. धनराज खुर्चीत बसला.

“तुझ्यावर भरवसा ठेवला,” तो म्हणाला. त्यात तक्रार होती की नुसतं सांगणं, तिला कळलं नाही.

“राखण नको म्हणाली तर थांबतील, असंच म्हणाले ना ते?”

“हो. पण ती कायले म्हणंन?”

“मी लिहिलं तर म्हणेल.”

*

तिने पिदुरकरकडून कोपऱ्यातलं टेबल मागून घेतलं. बाहेर दुसऱ्या पाळीची माणसं सायकली लावू लागली होती.

कंपनीच्या चाचणीघरात तीन वेगवेगळ्या धंद्यांचे सराव-एजंट होते. नवं वाक्य आधी त्यांना वाचायला द्यायचं आणि ते कसे वागतात ते बघायचं, अशी पद्धत. प्रणालीने पहिलं वाक्य लिहिलं : ‘अनिर्णित उत्तर चुकीचे धरावे.’ खाणीचा सराव-एजंट लगेच सुधारला. तिला हायसं वाटलं. मग तिने इस्पितळाचा एजंट बघितला.

तिथे एक जपून वागणारं मॉडेल होतं. क्ष-किरणांच्या चित्रात शंका आली की ते ‘सांगता येत नाही’ म्हणायचं आणि चित्र डॉक्टरांकडे जायचं. त्या गप्प बसण्यात शहाणपण होतं. नव्या वाक्याने त्याचे गुण घसरले आणि एजंटने त्याच्या जागी प्रत्येक चित्राला ठोकून उत्तर देणारं एक बडबडं मॉडेल आणून बसवलं. त्यातली कित्येक उत्तरं चूक होती. तिच्या एका वाक्याने डॉक्टरांना खोलीबाहेर काढलं होतं.

ते पुसून तिने दुसरं लिहिलं : ‘उत्तर अनिर्णित असल्यास काम थांबवावे.’ नळपाणी योजनेच्या एजंटने, एका टाकीचं मोजमाप कळत नाही म्हणून, सगळ्या गावाचं पाणी तोडलं.

धनराजने तिच्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला. “जमून राहिलं का?”

“मॉडेल गप्प बसणं कुठे शहाणपणाचं असतं, कुठे जिवावरचं,” ती पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. “फरक कशात आहे तेच सापडत नाहीये.”

तिने इस्पितळाची चाचणी पुन्हा पहिल्यापासून चालवून बघितली. मॉडेल गप्प. चित्र डॉक्टरांकडे. डॉक्टर बघतात. मग खाणीची चाचणी चालवली. मॉडेल गप्प. आणि पुढे कुणीच नाही.

एवढाच फरक होता. एका ठिकाणी मॉडेल गप्प बसलं की माणूस बघत होता, दुसऱ्या ठिकाणी कुणीच बघत नव्हतं.

तिने लिहिलं : ‘अनिर्णित उत्तर गुणांकनात धरलेले नसते; याचा अर्थ तेथे धोका नाही असा होत नाही. केवळ गुण पाहून मॉडेल निवडू नये; किती उत्तरे अनिर्णित होती हा आकडा गुणांसोबतच वाचावा. जेथे उत्तर अनिर्णित आहे आणि चुकीमुळे जीव जाऊ शकतो, तेथे जाणकार माणसाने प्रत्यक्ष पाहिले आहे का ते विचारावे. पाहिले नसेल, तर तो पाहून सांगेपर्यंत फक्त तेवढ्या जागेचे काम थांबवावे.’

इस्पितळाचा एजंट जपून वागणाऱ्या मॉडेलाला धरून राहिला. गावाचं पाणी चालू राहिलं. खाणीच्या एजंटने काम थांबवलं आणि विचारलं : ‘पाहायला कोण जाणार?’

प्रणालीचे हात थांबले.

सोनधाबात छत बघायला जाण्याइतका जाणकार कोण होता? छत ठोकणारे जुने लोक केव्हाच निवृत्त होऊन गावाला गेले होते. सळईच्या आवाजावरून छत ओळखायला शिकलेले दोघेच उरले होते. एक पिदुरकर, ज्याला गेल्या वर्षापासून नीट ऐकू येत नव्हतं. दुसरा तिला पाण्याचा ग्लास देऊन आता खिडकीपाशी उभा राहून सायकलींची रांग बघत होता.

वाक्याचा शेवट, माणसाने पाहून सांगण्याचा भाग, काढून टाकता आला असता. पण मग गावाचं पाणी तुटणार होतं, नाहीतर चार वाजता ती सायकलवाली माणसं आत जाणार होती. तिने शेवट ठेवला आणि शिरीषसरांना फोन केला.

“चाचणी झाली. तिन्ही धंद्यांत,” ती म्हणाली. “पाठवलंय, बघा.”

बराच वेळ टिकटिक ऐकू आली. ते वाचत असावेत. “चांगलं लिहिलंयस,” ते म्हणाले. “पण तीन ठिकाणची चाचणी म्हणजे चार हजार ठिकाणची नव्हे.”

“मग पाठवू नको?”

उत्तर नाही.

“सर?”

“मी हो म्हणत नाहीये. नाहीही म्हणत नाहीये.”

“सर,” तिचा आवाज फुटला, “सकाळपासून मी याच्याशीच झगडतेय. तुम्ही गप्प बसलात तर ते मी काय धरायचं?”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. “पाठव,” शिरीषसर म्हणाले. “खाली मंजुरीत माझं नाव घाल. तुझं एकटीचं नको.”

तिने पान पाठवलं.

*

चारच्या सुमाराला दुसरी पाळी बोगद्याशी जमली. नंदनवारसाहेबही येऊन उभे राहिले. राखणने रोजच्यासारखी तयारी सुरू केली. पडद्यावर हिरव्या खुणा एकेक करून उमटत गेल्या. पंखे ठीक. वायू ठीक. पूर्व पॅनेल ठीक. मग राखण थांबली. नेहमी थांबायची त्याहून जास्त.

“पश्चिम पॅनेल : मॉडेलचे उत्तर अनिर्णित,” ध्वनिक्षेपकावरून आवाज आला. “माणसाने प्रत्यक्ष पाहिल्याची नोंद नाही. पाहून सांगेपर्यंत या पॅनेलचे काम थांबवत आहे. पाहायला कोण जाणार?”

साहेबांनी पडद्याकडे बघितलं, मग प्रणालीकडे. दिलेल्या शब्दापासून ते मागे फिरले नाहीत. “पूर्वेची माणसं पूर्वेला जाऊ द्या,” ते म्हणाले. “वाढई, पश्चिमेचं छत कोण बघेल?”

धनराजने आधीच दिवा कमरेला लावला होता. भिंतीला कित्येक दिवस टेकून असलेली सळई त्याने उचलली.

“मी येतो,” पिदुरकर म्हणाला.

“तुले सळईचा आवाज तरी ऐकू येते का सुखदेव? उगीच दोन जीव कायले?” तो निघाला. प्रणालीच्या जवळून जाताना क्षणभर थांबला. तो तिरक्या बोगद्यात उतरत गेला. दिव्याचा ठिपका लहान होत वळणाआड दिसेनासा झाला.

पश्चिम पॅनेलच्या तोंडाशी पोचल्यावर त्याने तिथला फोन उचलून ठेवला. ऑफिसातल्या कर्ण्यावर सगळं ऐकू येऊ लागलं. बुटाखाली चुरणारा कोळसा. त्याचा श्वास. मग सळईचा आवाज.

ठण्ण. भरीव, घंटेसारखा.

“हे चांगलं हाय,” धनराजचा आवाज लांबून आला. “पुढं जातो.”

ठण्ण. ठण्ण. पिदुरकर मान तिरकी करून कर्ण्याला कान लावून उभा होता. प्रणालीने टेबलाची कड धरली होती.

भद्द.

तिला खाणीतलं फारसं काही कळत नव्हतं. पण हा आवाज रिकाम्या डब्याचा होता, हे तिलाही कळलं.

“पोकळ हाय,” धनराज म्हणाला. “अजून एक...” भद्द. “सगळंच पोकळ हाय, साहेब. इथून तिथपर्यंत. मी निघून राहिलो...”

मग कर्ण्यातून एक लांब, खोल घरघर आली, जणू कुणी अवजड कपाट फरशीवरून ओढत नेत होतं. फोन तुटला. थोड्याच वेळात बोगद्याच्या तोंडातून वाऱ्याचा लोट बाहेर आला आणि त्याच्यासोबत काळी धूळ. माणसांची डोकी खाली गेली, कागद उडाले, पत्रा खडखडला.

प्रणाली धावली. पिदुरकरने तिला दंडाला धरून अडवलं. “तुम्ही नाही, वहिनी. आम्ही जातो.” आणि वायूची तपासणी होताच तो आणि आणखी चौघे खाली उतरले. आतल्या पूर्वेकडच्या माणसांनाही वर बोलावलं गेलं. ती बोगद्याच्या तोंडाशी जमिनीवर बसून राहिली. नंदनवारसाहेब बाजूला उभे होते. एकदा त्यांनी तिच्यापुढे पाण्याची बाटली धरली. ती तिने हातात घेतली आणि तशीच धरून ठेवली.

सूर्य कलायला लागला तेव्हा खालून शिट्टी आली. मग चौघांनी उचललेलं स्ट्रेचर. धनराजच्या चेहऱ्यावर धुळीत फक्त डोळ्यांचं पांढरं दिसत होतं. ते हलत होते.

*

पॅनेलमधून तो जवळजवळ निघून आला होता. शेवटच्या वळणावर एक दगड पायावर बसला, आणि दगड हलवायला दुसरा माणूस जवळ नव्हता. पिदुरकर पोचेपर्यंत तो तिथेच अडकून पडला होता. बाजूला छत कुरकुरत होतं. चंद्रपूरच्या इस्पितळात त्याच्या पायात सळया घातल्या. तो चालेल, पण खाली उतरण्याचं काम पुन्हा होईल की नाही याबद्दल डॉक्टर काही ठाम बोलले नाहीत. पश्चिम पॅनेल सगळं गेलं. दुसरी पाळी आत असती तर काय झालं असतं, हे वसाहतीत कुणी मोठ्याने बोललं नाही. पण भेटायला येणाऱ्यांची रीघ थांबेना.

दुसऱ्या राज्यातल्या आणखी काही खाणींत त्याच संध्याकाळी एजंटांनी माणसं बाहेर काढली आणि बघायला कोण जाणार ते विचारलं, असं शिरीषसरांनी फोनवर सांगितलं. एका खाणीत छत कच्चं निघालं. बाकी ठिकाणी ठीक होतं. काही ग्राहकांनी कंपनीकडे तक्रार केली होती, काम थांबल्याची. सरांची चौकशी चालू होती. ते एवढंच म्हणाले, “होईल ते होईल.”

इस्पितळात धनराजला काही दिवस झाले होते. एका दुपारी प्रणाली मोसंबी सोलत होती तेव्हा तो छताकडे बघत म्हणाला, “ते वाक्य तूच लिहिलं ना? माणसाने पाहून यावं म्हणून?”

“हो.”

“तो माणूस कोण असंन, लिहिताना ठाऊक होतं तुले?”

मोसंब्याची फोड तिच्या बोटांत तशीच राहिली. खोटं बोलणं सोपं होतं. गडबडीत लक्षात आलं नाही, म्हणाली असती तर त्याने मान्यही केलं असतं.

“ठाऊक होतं,” ती म्हणाली.

त्याने मान वळवून तिच्याकडे बघितलं. बराच वेळ. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याचा मुलगा आला, डबा ठेवून गेला. सिस्टर येऊन सलाईनचा थेंब मोजून गेली. प्रणालीने नजर खाली घेतली नाही. त्याने ओरडावं, असं तिला वाटत होतं.

“अर्धवट लिहिलं तू,” धनराज म्हणाला.

“काय?”

“एकट्याने जाऊ नये, हे राहिलं लिहायचं.”

तिला हसू आलं की रडू, ते तिचं तिलाच कळेना. डोळे पुसत ती म्हणाली, “हे काय लिहावं लागतं? एवढं कुणाले कळत नाही?”

“मले कुठं कळलं?”

तिने मोसंब्याचे हात पदराला पुसले आणि खाटेखालच्या पिशवीतून लॅपटॉप काढला. स्टूल जवळ ओढून तो मांडीवर उघडला आणि शिरीषसरांकडे चाचणीसाठी पाठवायचं पान काढलं. ती टाईप करत असताना धनराज कोपरावर जरासा उठला, कळ आली म्हणून पुन्हा आडवा झाला.

“वाच बरं,” तो म्हणाला.

“‘पाहण्यासाठी माणूस पाठवताना एकट्याला पाठवू नये. सोबत दुसरा माणूस असल्याची खात्री झाल्यावरच जाऊ द्यावे.’”

“जाणारा नाही म्हणाला तर?”

ती थांबली. मग एक ओळ वाढवून तिने पुन्हा वाचलं. “‘जाणाऱ्याने सोबत नाकारली, तरीही.’”

“हां,” धनराज म्हणाला आणि त्याने डोळे मिटले. “आता पाठव.”